जरीची सहा अक्षरं

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रौढ वर्गाच्या बाई म्हणाल्या, रोज पाच ओळी लिहा, नाहीतर शिकलेलं गंजेल. म्हणून ही वही. कुणी वाचणार नाही, तेव्हा सगळं खरं लिहीन. वही तांदळाच्या डब्यात ठेवणार.

वर्गात मी पहिली आले, एकोणसत्तराव्या वर्षी. आम्ही सहाजणी होतो. सालिमाला दिसत नाही आणि दोघी परीक्षेला आल्याच नाहीत, पण पहिली ती पहिली.

आता मोठी बातमी. आमच्या सूर शहरात शिडाच्या होड्यांची जागतिक स्पर्धा भरतेय. साठ मुली, वीस-बावीस देश. एका मुलीला एक होडी. होडी म्हणजे काय, कणीक मळायची परात आणि वर एक चादर. आणि त्या साठांत आमची रय्या! माझी नात. माझ्या हमूदची मुलगी, वय वर्षं सोळा. ओमानच्या सहा मुलींपैकी एक.

होडी तिची नाही, टीमची आहे. कोच बदरियानं सांगून ठेवलंय, पहिल्या तिसांत आलीस तर टीममध्ये राहशील आणि होडी तुझ्याकडे. नाहीतर परत द्यायची, दुसरी मुलगी वाट बघतेय. रय्यानं होडीचं नाव ठेवलंय मैमून. तिच्या आजोबांच्या गलबताचं नाव. आमचे हे नाखवा होते. बसऱ्याचा खजूर, झांजिबारची लवंग, मलबारचं सागवान, सगळं त्यांनी आणलं. मला काय आणलं हा वेगळा विषय.

पहिल्या तिसांत कसली, पहिलीच येणार. वारा तिला मी शिकवलाय.

पाच ओळी झाल्या असाव्यात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

निश्चय: स्पर्धा संपेपर्यंत शेजारच्या मौझाला काही सांगायचं नाही. नजर लागते.

दुसरा निश्चय: हलवा खायचा नाही. साखर वाढलीय.

संध्याकाळी
मौझाला सांगितलं. पण तिनंच विषय काढला. गुडघा कसा आहे म्हणाली. आता गुडघ्याचं सांगताना गच्ची आली, गच्चीवरून समुद्र आला, समुद्रावर रय्या आली. मी काय करणार?

मौझा म्हणाली, "माझा नातू बँकेत लागलाय हो, एसीत बसतो." मी म्हटलं, बसू दे बाई, काहींना वारा सोसत नाही.

रागाच्या भरात पुढच्या शुक्रवारी विजयाच्या हलव्याचं आमंत्रणही देऊन बसले. तिला आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना. चाळीस होतील.

रविवार, ९ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. झेंडे, ढोल, मंत्र्यांचं भाषण. भाषणात वारा फार.

रय्याला शेवटचा उपदेश केला. म्हटलं, तुझे आजोबा कधी कुणासाठी थांबले नाहीत. बाकीची गलबतं नांगर उचलायचा विचार करायची, तोवर हे खाडीच्या तोंडाशी. तू पण भोंग्याबिंग्याची वाट बघू नकोस. सगळ्यांच्या आधी सूट.

रय्या म्हणाली, "आजी, भोंगा वाजल्यावरच निघायचं असतं." मी म्हटलं, भोंगा भित्र्यांसाठी असतो. ती हसली. म्हणजे पटलं.

आणखी एक. जुन्या काळी आम्ही बायका गच्चीवरून लाल ओढणी हलवायचो. वारा उजवीकडून फिरला की उजवीकडे, डावीकडून फिरला की डावीकडे. आमचे हे ती बघूनच शीड फिरवायचे. सूरचा अर्धा व्यापार माझ्या ओढणीवर चाललाय. हे मी खल्फानसमोर बोलले. खल्फान त्यांच्या गलबतावरचा खलाशी, आता नव्वदीचा, मशिदीबाहेर बसून असतो. तर तो म्हातारा म्हणतो, "वहिनी, नाखवा तर म्हणायचे, बायकोनं धुणं वाळत घातलं, म्हणजे सात वाजले, चला रे."

नव्वदीत माणसाचं डोकं जातं. अल्ला त्याला बरं करो.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिला दिवस, दोन शर्यती. किनाऱ्यावरून साठ शिडं एकसारखी दिसतात, वाळत घातलेल्या रुमालांसारखी. पण सगळ्यांच्या पुढे निघालेली होडी मैमूनच होती. भोंग्याच्या आधी! जाळ्यातून सुटलेल्या माशासारखी. मी किनाऱ्यावर एवढी ओरडले की शेजारच्या जपानी कोचनं कानावर हात ठेवले.

संध्याकाळी हॉटेलच्या भिंतीवर निकालाचा कागद लावतात. मी स्वतः वाचला. अक्षरं इंग्रजी, पण आकडे आकडे असतात. रय्याचं नाव मी तिच्या वह्यांवर बघितलंय, ते सापडलं, कागदाच्या बऱ्याच खाली. पुढे आकडे: एक, एक आणि गोल. आमच्या अरबी लिपीत गोल म्हणजे पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका. एकशे पंधरा!

रय्या म्हणाली, "एकशे दहा, आजी. इंग्रजीत गोल म्हणजे शून्य." पाच गुण स्वतःहून कमी केले पोरीनं. काय ही विनयशीलता.

आणि सगळ्यात वर ज्या मुलीचं नाव, तिला तीन. फक्त तीन! ग्रीसहून आलीय म्हणे, देस्पिना. इतक्या लांबून येऊन तीन गुण. बाई पण वर्गात कच्च्या मुलींची नावं आधी वाचायच्या, तसंच असणार.

अजून खास गोष्ट राहिलीच. पहिल्या शर्यतीत सगळ्या मुलींना आकडे, आणि आमच्या एकटीला अक्षरं! तीन. एक पूर्ण चंद्र, एक अर्धा चंद्र, एक साप. डॉक्टर लोकांच्या नावापुढे असतात तशी. मी रय्याला विचारलं, हे काय गं? ती खाली बघत म्हणाली, "ते सगळ्यांना नाही मिळत, आजी."

मी कागदावर उतरवून घेतली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रय्या एकशे सत्तावन्न. ग्रीसची बिचारी नऊ.

मला राहवलं नाही. देस्पिना धक्क्यावर शीड गुंडाळत होती. उंच मुलगी, नाकावर पांढरं मलम. मी तिच्या तळहातावर खजूर आणि हलव्याचा गोळा ठेवला, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हटलं, चालायचंच बाळ, आई-बापांनी रागावू नये म्हणून दुवा करीन. तिला एक अक्षर कळलं नाही, पण डोळे भरून आले. तिला आजवर कुणी जवळही घेतलं नसेल.

(हातावर उरलेला हलवा मी खाल्ला. टाकायचा कुठे?)

घरी झुवैना, म्हणजे माझी सून, म्हणाली, "आई, यांच्यात गुण म्हणजे..." मी तिथंच थांबवलं. म्हटलं, गुण काय असतात ते मला शिकवू नकोस, मी वर्गात पहिली आलेय. ती कोथिंबीर निवडत राहिली. दवाखान्यातल्या नोकरीनं थकते बिचारी.

मस्कतहून हमूदचा फोन. "आई, मौझामावशीला इतक्यात काही बोलू नकोस." मी म्हटलं, छे, मी कशाला बोलू.

मौझाला अक्षरं दाखवून आले होते. ती चष्मा लावून बघत म्हणाली, "माझ्या नातवाच्या बँकेवर पण तीनच अक्षरं आहेत." जळते.

रात्री हिरव्या रेशमी कापडावर चांदीच्या जरीनं भरायला घेतली. चंद्र, अर्धा चंद्र, साप. शुक्रवारी दारावर लावायला. अर्धा चंद्र फार सुरेख आलाय. रय्या डोकावून म्हणाली, "आजी, नको ना हे." अशा मुली राहिल्यात का हो जगात?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज इतिहास घडला.

सकाळी बघते तर वारा पडलेला. साठ शिडं मेल्यासारखी लोंबतायत. मी विचार केला, आता नाही तर कधी. माझी लग्नातली लाल ओढणी काढली, खल्फानची मासे पकडायची काठी मागितली (देताना म्हणतो, "वहिनी, चिमटे पण हवेत का?") आणि गुडघा धरत टेकडीवरच्या बुरुजावर चढले. त्रेसष्ट पायऱ्या. गुडघा स्वर्गवासी.

वरून दिसतं ते खाली दिसत नाही. उजवीकडे, खाडीच्या तोंडाशी पाणी काळपट झालं. समुद्रावरचा वारा आत येतोय! बाकीच्या सगळ्या डावीकडे पळतायत. मी ओढणी उजवीकडे हलवली. एकदा, दोनदा, दहादा.

आणि मैमून वळली! एकटी. बारा मिनिटांनी साठांत सहावी! सहावी! मी बुरुजावर एवढी नाचले की खाली बकऱ्या पळाल्या.

सूरचा अर्धा व्यापार. म्हटलं होतं की नाही?

बुधवार, संध्याकाळ

माझी कीर्ती वर पोचली. पोलंडच्या कोचनं पंचांना माझ्याबद्दल खास लिहून दिलं म्हणे. पंचांनी मला आणि रय्याला बोलावणं धाडलं. मी सोन्याच्या बुट्टीचा पोशाख घातला, धुपाटण्यावर उभी राहून ऊद घेतला, बांगड्या सगळ्या.

आधी रय्याला आत नेलं, बराच वेळ. मग मला. टेबलामागे तीन गोरे आणि मस्कतचा एक सभ्य गृहस्थ, भाषांतराला. ते म्हणाले, "आजी, बुरुजावर तुम्हीच होता का?" मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीच. मग मी त्यांना ओढणीचं सगळं शास्त्र सांगितलं, उजवं, डावं, आमच्या ह्यांच्यापासून. ते भराभर लिहून घेत होते. एका गोऱ्यानं तर कपाळाला हात लावला, एवढा भारावला.

शेवटी मस्कतकर म्हणाले, "तुमचं ज्ञान मोठं आहे, पण उद्या कृपा करून बुरुजावर चढू नका. आम्ही तुमची खास सोय करतो." गुडघ्याची काळजी असणार.

बाहेर रय्याचे डोळे लाल. आनंदानं. मी पण थोडी रडले, जोडीला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. सकाळीच कागद बघितला. कालच्या त्या शर्यतीसमोर पुन्हा तीन अक्षरं! या वेळी वेगळी: एक पोटुशी बाई, एक साप, आणि शेपूट फुटलेला चंद्र. साठ मुलींत सहा अक्षरं एकटीला. एकूण गुण दोनशे सदतीस. मी कागदाची पापी घेतली. पहारेकरी हसला.

मला मानाची खुर्ची दिली. गाद्या, चहा, खजूर, आणि सेवेला एक मुलगी. फक्त खुर्ची हॉटेलच्या मागच्या बागेत होती. तिथून समुद्र दिसत नाही, एक कारंजं दिसतं. मी दोनदा उठले, तर मुलगी म्हणाली, "आजी, अजून चहा?" मोठ्या लोकांना असंच गराड्यापासून लांब ठेवतात.

शेवटची शर्यत ऐकूनच बघितली. भोंगा, आरडाओरडा, पुन्हा भोंगा. वारा मात्र मी कारंज्यावरून सांगितला असता. थेंब डावीकडे पडत होते.

रय्या आली ती ओलीचिंब, म्हणाली, "आजी, शेवटच्या शर्यतीत चौथी आले." मी म्हटलं, आणि अक्षरं? म्हणाली, "या वेळी नाही मिळाली." मी समजूत घातली. रोज थोडीच मिळतात.

मैमूनवरून हात फिरवत उभी होती बराच वेळ. मी म्हटलं, चल, आता ही तुझीच की. ती म्हणाली, "उद्या बोलू आजी. हलवा होऊ दे."

आता दुसरी तीन अक्षरं भरायचीत. सोन्याच्या जरीनं. डोळे दुखतात, पण आनंद आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण सगळं खरं लिहीन असं पहिल्या पानावर लिहून बसलेय.

पहाटेपासून तांब्याच्या मोठ्या भांड्यात हलवा हलवला. केशर, गुलाबपाणी, बदाम. दुपारच्या नमाजानंतर बायका आल्या. चाळीस म्हटल्या होत्या, त्रेपन्न आल्या. दारावर हिरवं कापड, सहा अक्षरं चमकतायत, वरती चांदी, खाली सोनं. प्रत्येकीला मी दारातच समजावत होते.

मग कोच बदरिया आली, सोबत ती ग्रीसची देस्पिना. देस्पिनाच्या हातात हा एवढा चषक. मी म्हटलं, बिचारीला सांत्वनाचा दिला वाटतं.

देस्पिनानं दार बघितलं. आधी तोंडावर हात ठेवला. मग हसायला लागली ती उंबऱ्यावरच बसली. बदरिया हसली नाही. म्हणाली, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, मीच. जरी खरी आहे.

बदरियानं मला बाजूला घ्यायला पाहिजे होतं. घेतलंही असतं, पण मौझानं तिचा हात धरला. "अगं सांग ना, काय लिहिलंय ते. आम्ही आठवडाभर ऐकतोय."

तिनं सांगितलं. वरची तीन अक्षरं म्हणजे भोंग्याआधीच सुटली. ती शर्यत धरलीच नाही. खालची तीन म्हणजे शर्यतीतून काढून टाकली, बाहेरून मदत घेतली म्हणून. एका लाल कापडाची.

आणि या खेळात पहिली येणारीला एक गुण, दुसरीला दोन. कमी गुणवाली जिंकते. अक्षरं मिळाली की साठावीच्याही मागे, सरळ एकसष्ट. देस्पिना जगज्जेती आहे.

त्रेपन्न बायका. सगळ्यांच्या नजरा दारावर.

मी विचारलं, आणि रय्या? बदरिया म्हणाली, "तेहेतिसावी. सगळ्यात वाईट एक शर्यत शेवटी सोडून देतात, म्हणून एक अक्षरवाली सुटली. दुसरी नडली. ती सहावी धरली असती तर तिसांत आरामात होती." मग म्हणाली, "पंचांनी तिला विचारलं होतं, कापड दिसलं का? नाही म्हणाली असती तर विषय संपला असता. ती म्हणाली, दिसलं, आणि ते बघूनच वळले."

पाण्यावर खोटं बोलायचं नाही, हे तिला मीच शिकवलंय. सात वर्षांची होती. एवढं एक माझं ऐकायचं नव्हतं.

मौझा उठली. म्हणाली, "म्हणजे हमूदच्या आई, उतावळी आणि वर हाकललेली. दारावर तुम्ही स्वतःचंच नाव लावलंत की!" सगळ्या हसल्या. रय्या सगळ्यांत जास्त. मलाही आलं हसू, पण अर्धंच. मग मौझानंच स्टुलावर चढून कापड उतरवलं, नीट घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि म्हणाली, "चला गं, हलवा गार होतोय. हलव्याला काही अक्षरं मिळाली नाहीत ना?"

हलवा सगळा संपला. भांडं देस्पिनानं बोटानं पुसून खाल्लं. बदरियामार्फत तिनं मला सांगितलं, पहिल्या नंबरवर असलं की जवळ कुणी येत नाही, मला कुणी खजूर भरवला नव्हता.

मैमून संध्याकाळी नेली. रय्यानं नाव खरवडून दिलं, नव्या मुलीला तिचं नाव लिहिता यावं म्हणून. निवड पुन्हा सप्टेंबरात.

रात्री मी रय्याला म्हटलं, मला आधीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू कागदाची पापी घेतलीस ना, पहारेकऱ्यानं सांगितलं. मग कसं सांगू?"

शनिवार, १५ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

खल्फानची काठी परत केली. त्यानं ती पुसून भिंतीला टेकवली. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

निश्चय: वाऱ्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. सप्टेंबरापर्यंत तरी.

अक्षरं उसवायला घेतली. पाच उसवली. अर्धा चंद्र राहू दिला, तो खरंच छान आलाय.

साखर तपासली. वाढलीय.

धुणं गच्चीऐवजी खालच्या अंगणात वाळत घातलं. तिथं ऊन कमी, वारा नाही, पण समुद्रावरून दिसत नाही. संध्याकाळपर्यंत ओलंच होतं.